सहा पन्नासची एक घंटी

रशीदमामा, तुम्ही गेलात त्या सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी माझा फोन एकदा वाजला आणि थांबला. पडद्यावर तुमचं नाव होतं. मी वहीत त्या दिवसापुढं बरोबरची खूण केली आणि रांगेतला पुढचा ट्रॅक्टर साखर कारखान्याच्या काट्यावर घेतला.

एवढंच झालं. पण एवढं लिहायला मला त्रेचाळीस दिवस लागले, कारण त्या घंटीचा अर्थ मला अजून ठाऊक नाही. ती रोजची घंटी होती का? म्हणजे तुम्ही उठला होतात, चहा झाला होता, सगळं ठीक होतं? की तुम्ही मला बोलावत होतात आणि फोन मधेच कटला? पहिलं खरं असेल तर मी निदान तुमचा अपराधी नाही. दुसरं खरं असेल तर तुम्ही जमिनीवर पडून होतात आणि मी तुमच्या घरापासून आठ मिनिटांवर बसून चार तास उसाच्या गाड्यांची वजनं लिहीत होतो.

तुमचं गाव कुठलं, कळंबला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान किती वर्षं चाललं, म्हातारपणी ढोकीला घर का बांधलं, हे सगळं तुमच्या चाळिसाव्याला जमलेली माणसं बोललीच. मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून ऐकत होतो. खिशातला फोन मी पालथा करून ठेवला होता. तो वाजेल याची मला भीती वाटत होती. ती भीती आता रोजची झाली आहे. कुणाचाही फोन आला तरी दुसरी घंटी वाजेपर्यंत मी त्याला हात लावत नाही.

आपली ओळखही एका न बोलणाऱ्या यंत्रावरूनच झाली. कळंबच्या मोंढ्यात एका आडतीवर मी नवीन लागलो होतो. तिथं इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता आणि एके सकाळी त्याच्यावर ज्वारीचं पोतं ठेवलं तरी तो शून्यच दाखवू लागला. त्याआधी किती पोती चुकीची मोजली गेली, ते मी पावत्यांवरून शोधत बसलो होतो. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलात, खाली वाकलात आणि आतून तुटलेली वायर ओढून माझ्या हातात दिलीत.

"बघ, काटा रिकामा असला तरी शून्य, आन वायर तुटली तरी शून्य. ही चीज जित्ती हाय का मेली, तोंडावरून कळतच न्हाय. असल्या चिजेवर भरोसा ठेवायचा न्हाय लेका."

मी म्हणालो, "मामा, रोज सकाळी पाच किलोचं माप ठेवून बघायला पाहिजे होतं. चूक माझी आहे."

"तुझी कशी? तू काय वायरीच्या आत बसला होतास का?"

आपला वाद तिथं सुरू झाला आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही. माझं म्हणणं, माणसानं शिकलं पाहिजे. सूचना वाचाव्यात, दोन दिवस सराव करावा, चुकणार नाही. तुमचं म्हणणं, चीज अशी पाहिजे की शिकावंच लागू नये. दाबलं तर दाबल्याचं कळलं पाहिजे. चुकलं तर मागं फिरता आलं पाहिजे. आणि ठीक असल्याची खूण आणि बिघडल्याची खूण कधीही सारखी असता कामा नये. तुम्ही हे पुस्तकात वाचलं नव्हतं. लोकांनी बिघडलं म्हणून आणलेल्या वस्तू उघडून उघडून तुम्हाला ते कळलं होतं. "माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या चार चिजा बिघडलेल्याच नसत्यात. त्या नुस्त्या समजत न्हायत," असं तुम्ही म्हणायचात. मी विचारायचो, हा आकडा मोजलेला आहे का? तुम्ही म्हणायचात, "तू मोज. मी बघतो."

आणि खरंच तसंच चालायचं. आम्ही ढोकीला राहायला आल्यापासून रविवारी तुमच्याकडं किंवा आमच्याकडं चहा व्हायचा आणि घरातली एखादी वस्तू परीक्षेला बसायची. सुनीतानं इंडक्शनची शेगडी घेतली तेव्हा तुम्ही तिच्यापुढं स्टूल ओढून बसलात. हात लावला की टूं. चालू झाली की टूं, बंद झाली तरी तसंच टूं. तुम्ही माझ्या बायकोकडं बघून म्हणालात, "सुनबाई, ह्याला जेवला का विचारलं, हूं म्हणाला. न्हाय जेवला का विचारलं, तरी हूंच म्हणाला. काय समजायचं?"

सुनीता म्हणाली, "मामा, हे खरंच तसंच करत्यात!"

तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मी वहीत लिहिलं: शेगडी, आवाज एकच, दिवा अगदी बारीक, उन्हात दिसत नाही. त्या वहीत अशी सत्तेचाळीस पानं आहेत. कपडे धुण्याचं मशीन, टीव्हीचे दोन रिमोट, सुनीताचं साखर तपासायचं यंत्र. अक्षर माझं आहे, म्हणणं तुमचं. शेवटच्या पानांवर तुमच्या रोजच्या घंटीच्या वेळा आहेत.

तुमच्या लेकीला, नसीमला, दिवस गेले तेव्हा जावयानं तुमच्यासाठी टचचा फोन पाठवला, नातवंडाचं तोंड बघता यावं म्हणून. तुमचा बटणांचा जुना फोन तुम्हाला सोडायचा नव्हता. त्या बटणांवर बोट फिरवलं की न बघता नंबर लागायचा, पाचच्या बटणावर बारीक टेंगूळ असायचं. पण नातवंडापुढं तुमचं काय चालणार? फोन सुरू करून द्यायचं काम माझ्याकडं आलं. मी पहिल्याच पानावर माझा फोटो लावला, की एकदा बोट लावलं की मला फोन लागावा. मला ते फार सोयीचं वाटलं होतं.

तुम्ही मात्र आधी मामींची परीक्षा घेतलीत. मला पलीकडच्या खोलीतून त्यांना व्हिडिओ कॉल लावायला सांगितलंत आणि स्वतः हाताची घडी घालून नुसतं बघत राहिलात. मदत करायची नाही, हा तुमचा नियम होता. मामी हिरव्या गोल खुणेवर अंगठा दाबत होत्या आणि काही होत नव्हतं.

"दाबायचं नाही मामी, वर सरकवायचं," मी दारातून ओरडलो.

"मग बटणावानी का दिसतंय हे?"

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "लिही! तुझ्या मामीचा सवाल जशाच्या तसा लिही."

"काय इम्तिहान चाललाय दोघांचा?" मामी चिडल्या होत्या. "माझा का फोनचा?"

"फोनचा. तू पास हायेस. तो नापास झाला."

मामी पोटावर हात ठेवून हसल्या. मी तेव्हा मनात म्हणालो होतो की हे लाड आहेत. दोन दिवस सराव केला असता तर मामींना आलं असतं. आलंही. तिसऱ्या दिवशी त्या फोन बरोबर वर सरकवून घेत होत्या. मी तुम्हाला तसं मुद्दाम सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, "आलं. पर ज्या दिवशी घाबरली आसंल त्या दिवशी पुन्हा दाबंल."

हे वाक्य मला आता पुसता येत नाही.

मग नसीमचं दुसरं बाळंतपण आलं आणि मामी सव्वा महिन्यासाठी लातूरला गेल्या. तुम्ही घर सोडायला तयार नव्हतात. मामींनी जाताना मला अंगणात थांबवलं आणि म्हणाल्या, "दिलीप, ह्यांचं रोज बघ. बीपीची गोळी विसरत्यात." मी हो म्हणालो. रोज बोलायला मात्र जमेल असं नव्हतं. हंगाम सुरू होता. पहिल्या पाळीला मी पहाटे चारपासून काट्यावर, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. आणि तुम्हाला फोनवर बोलणं आवडायचंच नाही.

म्हणून मी ठरवलं. हो, मीच ठरवलं. आपल्याकडं सगळ्यांना मिस कॉलची सवय आहेच. एस.टी.तून उतरलं की एक घंटी, पोचलो. दळण झालं की एक घंटी, न्यायला ये. तसंच हे. सकाळी चहा आणि गोळी झाली की तुम्ही मला एक घंटी द्यायची आणि कट करायचं. म्हणजे ठीक. काही अडचण असेल तर कट करायचं नाही, वाजूच द्यायचं. मी उचलेन.

तुम्ही त्या वेळी ओसरीवर दाढी करत होतात. आरसा खाली ठेवलात.

"आन वाजता वाजता फोन हातातनं सुटला तर?"

"सुटला तर परत लावा."

"परत लावण्याजोगा असलो, तर मग ती अडचण कसली रे?"

कारखान्याचा भोंगा झाला. मी गाडीला किक मारत म्हणालो, "मामा, तुम्ही फार खोलात जाता. रविवारी बोलू." तुम्ही गालावरचा फेस पुसत माझ्याकडं नुसतं बघितलंत. रविवारी मी आलो, पण तो विषय तुम्ही काढला नाहीत. मीही नाही. तुम्ही रोज ठरल्याप्रमाणं घंटी देत होतात आणि मला वाटलं, पटलं असेल.

तेवीस सकाळी वहीत आहेत. सगळ्यात लवकरची घंटी सहा अठ्ठावीसची. सगळ्यात उशिराची सहा चव्वेचाळीसची. चोविसावी सहा पन्नासची.

मामा, मला ते दिसलं होतं. सहा मिनिटं उशीर, असं मनात आलं होतं. एखाद्या गाडीचं वजन मागच्या खेपेपेक्षा दोन क्विंटल जास्त आलं तर मी ड्रायव्हरला खाली उतरायला लावून पुन्हा काटा करतो. त्या सकाळी मी पुन्हा काटा केला नाही. थंडी आहे, उठायला उशीर झाला असेल, असं म्हणून खूण केली. समोर ट्रॅक्टरचं इंजिन धडधडत होतं. घंटी एक वाजली की दीड, हेही मला नीट आठवत नाही. काही फोनांत किती वेळ वाजला ते नोंदलं जातं म्हणे. माझ्या फोनात जात नाही. माझ्या फोनात तुमच्या चोवीसही सकाळी सारख्याच दिसतात, लाल बाण आणि तुमचं नाव.

अकराच्या सुमारास शेजारचा बालाजी पाण्याच्या मोटारीचं विचारायला आला आणि तुम्ही त्याला ओसरीवर पडलेले दिसलात. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. केव्हा झाला, ते त्यांना सांगता आलं नाही. "सकाळी कधीतरी," म्हणाले. मी विचारलं, "सातच्या आधी की नंतर?" त्यांनी माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहिलं. असं कुणी विचारत नसावं.

मातीला मी होतो. तीन मुठी माती दिली आणि बाजूला झालो. त्यानंतरचे दिवस मी पुरावे गोळा करण्यात घालवले, हे तुम्हाला सांगायला लाज वाटते. चहाचा कप धुऊन पालथा घातलेला होता. म्हणजे चहा झाला होता, म्हणजे घंटी रोजची. पण तो कप आदल्या दिवशीचाही असू शकतो. गोळ्यांच्या पाकिटावर वार छापलेले होते आणि त्या दिवसाची गोळी तशीच होती. पण मामी म्हणाल्याच होत्या की तुम्ही विसरता. फोन कुठं होता, हे बालाजीला मी तीनदा विचारलं. एकदा म्हणाला हातात, एकदा म्हणाला जवळ पडलेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "दिलीपभाऊ, गालाखाली हुता बहुतेक. पर सारखं काय इचारताव? म्या काय फोन बघत बसलो हुतो का?"

गालाखाली.

त्या दिवशी मी नसीमकडून तुमचा फोन मागून घेतला, दुरुस्त करून देतो म्हणून. खोटं बोललो. घरी येऊन दुपारी दार लोटून घेतलं आणि फरशीवर तुमच्यासारखा उजव्या कुशीवर आडवा झालो. माझ्या फोटोवर बोट लावायचं, फोन गालाखाली सारायचा आणि तिकडं माझा फोन किती घंट्या वाजतो ते मोजायचं. दहा वेळा केलं. सहा वेळा वाजत राहिला. चार वेळा गाल लागून आपोआप कट झाला. त्यातल्या तीन वेळा पहिल्याच घंटीनंतर.

सुनीता भांडी घासून आली आणि दारात उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "उठा. फरशी लई गार हाय."

मी म्हणालो, "अजून दहा वेळा करून बघतो."

"शंभर वेळा केलं तरी मामा कसे पडले हुते ते कळणार हाय का तुमाला?"

नाही कळणार. आकड्यांवर मी आयुष्यभर विसंबलो आणि हा एक आकडा मला मिळणार नाही. आकड्यांच्या ज्या रांगेवर मी जगतो तिच्यात एक जागा कायमची रिकामी राहिली आहे, आणि ती जागा शून्य आहे की वायर तुटली आहे हे मला बाहेरून ओळखता येत नाही.

इथं मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुमचा नियम काय होता? कसूर माणसाचा न्हाय, चिजेचा हाय. या नियमानं मी सुटायला हवा. फोन वाईट होता, लाल बटण गालाला लागेल अशा जागी होतं, बाणाचा रंग एकच होता. सुनीताही हेच म्हणते. पण मामा, तुम्ही चीज म्हणत होतात तेव्हा ती बनवणाऱ्याबद्दल बोलत होतात. हातात घेणाऱ्याला तुम्ही माफ करायचात, बनवणाऱ्याला कधीच नाही. फोन कुणी बनवला मला ठाऊक नाही. पण ती खूण मी बनवली होती. ठीक असल्याची घंटी आणि मदतीची तुटलेली घंटी सारखीच ऐकू येईल, असं करून ठेवणारा मीच होतो. ती खूण तुम्ही तपासलीत, दोष दाखवलात, आणि मी किक मारून निघून आलो.

मग रविवारी तुम्ही गप्प का राहिलात? एवढंच मला विचारायचं होतं. माझं मन राखायला? एकेका बटणावरून भांडणारे तुम्ही, माझ्यापुढं का भांडला नाहीत? तुम्हाला दिसत होतं, तरी तेवीस सकाळी तुम्ही माझ्यावर भरोसा ठेवलात. कधी मला याचा राग येतो. मग रागाचीच भीती वाटते आणि मी वही मिटतो.

परवा नसीम म्हणाली की तिला आता लातूरला परत जावं लागेल, बाळाला घेऊन. मामी तुमच्या मागं चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळताहेत, अजून तीन महिने घर सोडणार नाहीत. पुढंही ढोकीतच राहणार म्हणतात. नसीमनं सहज म्हटलं, "दिलीपभाऊ, अब्बांचं तुम्ही कसं रोज एका घंटीवर बघत होता, तसंच अम्मीचं बघा. ते लई सोपं हाय."

मी म्हणालो, "मला मामींशी बोलायचंय."

इद्दतीत मामी परक्या पुरुषापुढं येत नाहीत. मी घरचा असलो तरी नात्यानं परकाच. नसीमनं आतल्या दाराला चादर बांधली, माझ्यासाठी इकडं खुर्ची ठेवली आणि बाळाला घेऊन अंगणात गेली. चादरीच्या पलीकडं बांगड्या वाजल्या नाहीत, कारण त्या आता नाहीत. मामी आहेत की नाहीत, हेच मला कळेना.

मी सगळं सांगितलं. खूण मी कशी ठरवली, तुम्ही काय विचारलंत, सहा पन्नास, वहीतली टीक, गालाखालचा फोन, फरशीवरच्या दहा खेपा. एकही आकडा वगळला नाही. सांगून झालं आणि चादरीच्या पलीकडून काहीच आवाज आला नाही. माणसाचा चेहरा दिसत नसताना उत्तराची वाट बघणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं, त्या उठून गेल्या. मला वाटलं, त्यांना काही झालं. मी अर्धा उठलो.

"बस," आतून आवाज आला.

मी बसलो.

"तू धावत आला असतास, तर कुठवर नेलं असतंस त्यांना?"

"धाराशिवला. गाडी मिळण्याचा वेळ धरून एक तास दहा मिनिटं. आठला पोचलो असतो."

"म्हणजे तो बी हिशेब करून ठेवलायस."

"हो."

"मग काय, वाचले असते?"

"माहीत नाही मामी."

बाहेर बाळ रडायला लागलं आणि नसीम त्याला घेऊन अंगणात फेऱ्या घालत होती.

"मला माफ करा म्हनू नकोस," मामी म्हणाल्या. "कशाची माफी द्यायची तेच ठाऊक न्हाय मला. उद्या कळलं की तो टाइम बराबर रोजचाच होता, तर माझी माफी वाया जाईल. आन कळलं की न्हवता, तर मी दिलेली माफी मलाच टोचत राहील. त्यापरीस हे असंच राहू दे."

"बरं."

"पर मला घंटी देऊन कट करायला सांगू नको."

"नाही सांगणार. तुम्ही फोन लावायचा, मी उचलायचा आणि तुम्ही बोलायचं. बोलणं झाल्याशिवाय ठीक नाही धरायचं. फोन आलाच नाही, तर सातला मी दारात."

"रोज काय बोलायचं तुझ्यासंगं?"

"काहीही. काल काय शिजवलं ते सांगा."

"इद्दतीतल्या बाईनं काय शिजवलं ते कारखान्यात बसून ऐकणार तू?" हसल्या की नाही ते चादरीमुळं कळलं नाही. मग आवाज बदलला. "आन रांग असली, न्हाय उचललास तर?"

याचं उत्तर मी घरून तयार करून आलो नव्हतो. पण तुमचं ते दाढी करतानाचं बघणं डोळ्यांपुढं आलं आणि मी म्हणालो, "मामी, तुमचा फोन होईपर्यंत मी पुढची गाडी काट्यावर घेणार नाही."

"साहेब बोलतील."

"बोलू देत."

परत येताना मी कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांना तसं सांगून टाकलं. ते म्हणाले, एखाद-दुसरं मिनिट असेल तर ठीक आहे. मी म्हणालो, किती मिनिटं ते मला आधी सांगता येणार नाही. त्यांनी मान हलवली. होकार होता की नकार, ते मी त्यांना पुन्हा विचारून घेतलं.

आज सकाळी पहिली पाळी होती. नसीम काल गेली. सव्वासहापासून माझी नजर घड्याळावर. सहा तीस गेले, सहा चाळीस गेले. बाहेर चौदा गाड्या. सहा अठ्ठेचाळीसला फोन वाजला, मामींचं नाव आलं. पहिली घंटी. मनात एकच होतं, आता ही थांबेल. दुसरी. तिसरी. मी हिरव्या खुणेवर अंगठा दाबत होतो, दाबतच होतो आणि काही होत नव्हतं. पाचव्या घंटीला आठवलं की वर सरकवायचं असतं.

"इतका येळ?" मामी ओरडल्या. "मी म्हनलं तुलाच काय झालं का काय!"

"नाही मामी. आहे. बोला."

"काय बोलू? दूध नासलं आज. काल शेपूची भाजी केली होती. बालाजीच्या बायकोनं पेंडपाला आणून दिलाय बकरीला." जरा थांबल्या. "घर लई मोठं वाटतंय."

"हां."

"बरं. ठेवते."

पण त्यांनी ठेवला नाही. बहुतेक कट करायचं राहून गेलं आणि फोन ओट्यावर तसाच ठेवला गेला. मला नळाचं पाणी ऐकू येत होतं. पातेलं सरकवल्याचा आवाज आला. मग चपला, आत-बाहेर. मग बकरीला काहीतरी रागावल्या.

काट्यावर गाडी नव्हती. रांगेतून हॉर्न सुरू झाले, पहिला ड्रायव्हर खाली उतरून माझ्या खिडकीशी आला. त्याला मी हातानं थांब म्हणून खूण केली. लाल बटण माझ्या अंगठ्याखाली होतं, मामा. मी ते दाबलं नाही. फोन कानाला घट्ट लावून, तुमच्या घरात कुणीतरी चालतंय ते ऐकत बसलो.